शेवटची दहा मिनिटं : कॅथलिक शाळेच्या प्राथमिक वर्गात श्रद्धा आणि अभ्यास सोबत कसे रुजवायचे

बारा वाजून पाच मिनिटांनी मी फळा पुसते, दप्तरं बाकाखाली ठेवायला लावते आणि पंखे बंद करते. नागपूरच्या एप्रिलमध्ये पंखे बंद करणं जिवावर येतं, पण त्यांचा खडखडाट थांबल्याशिवाय वर्ग शांत होत नाही. मग मी दोन प्रश्न विचारते. आज तुझं काय चांगलं झालं? आज कुठं अडलं किंवा चुकलं? सव्वाबाराला सुट्टीची घंटा होते.

काही वर्षांपूर्वी तिसरीतला एक मुलगा या वेळी उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मिस, मी आज गणित बाजूवालीचं पाहून केलं. मले हातचा नाही समजत."

ही दोन वाक्यं मी वहीत लिहून ठेवली. पहिल्यात त्याने आपली चूक कबूल केली होती. दुसऱ्यात त्याने मला सांगितलं होतं की उद्या मी नेमकं काय शिकवायचं. तीन घटक चाचण्या झाल्या तरी मला ते कळलं नव्हतं, कारण शेजारणीचं बघून त्याची बेरीज बरोबर येत होती.

मी उत्तर नागपुरातल्या एका कॅथलिक शाळेत एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवते. स्वतः कॅथलिक आहे, माहेर अमरावतीकडचं, घरी मराठीतच प्रार्थना होते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भातल्या शाळा उघडतात तेव्हा दरवर्षी दोन-तीन नव्या मिस आमच्याकडे येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मिस, प्रार्थना आणि मूल्यशिक्षण सिस्टर बघतात, मग आम्ही फक्त पोर्शन पूर्ण करायचा ना? त्यांच्यासाठी आणि गावातल्या मिशनच्या शाळांवर एकट्याने तीन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. माझ्या अनुभवात श्रद्धेचा तास आणि अभ्यासाचा तास असे दोन कप्पे केले की दोन्ही कोरडे पडतात. ज्या वर्गात मुलाला "मला येत नाही" आणि "माझं चुकलं" हे न घाबरता म्हणता येतं, त्या वर्गात दोन्ही रुजतात. तो वर्ग कसा तयार करायचा, एवढंच मला सांगायचं आहे.

दिवसाची तपासणी कशी घ्यायची

त्या शेवटच्या दहा मिनिटांची कल्पना माझी नाही. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना रोज थांबून दिवसाकडे मागे वळून बघायला शिकवलं. त्यात एक क्रम आहे. आधी देवाचे आभार, मग नीट दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, मग दिवस आठवायचा, चुकीची क्षमा मागायची आणि उद्याचं ठरवायचं. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी मी त्याचे दोन प्रश्न केले, पण क्रम मोडला नाही. आभार आधीच. चुकीपासून सुरुवात केली तर मुलं गप्प बसतात, आणि जी बोलतात ती रडवेली होतात.

पहिला आठवडा कोणीच बोलणार नाही. तुम्ही स्वतः बोला. मी सांगते, "आज मला राग आला आणि मी उगाच खडू आपटला. माझं चुकलं." खरं झालेलंच सांगा, मुलांना बनावट लगेच कळतं. दुसऱ्या आठवड्यात मुलं दुसऱ्यांच्या चुका सांगायला लागतात. "मिस, यानं माझा रबर घेतला." तिथंच थांबवा. नियम एकच, आपलंच सांगायचं, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. हा नियम ढिला पडला तर चुगलीचा तास होतो. तिसऱ्या आठवड्यात काही मुलं शाबासकीसाठी खोट्या चुका सांगतात. त्यांना रागावू नका, शाबासकीही देऊ नका. ती लाट आपोआप ओसरते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथं सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही. हा शब्द एकदा मोडला तर वर्षभर परत मिळत नाही. मी तो एकदा मोडला आहे. एका मुलीने सांगितलं की तिने आईची सही स्वतः केली. मी तिथं काही बोलले नाही, पण पालकसभेत आईला सांगून टाकलं. त्यानंतर त्या मुलीने मार्चपर्यंत तोंड उघडलं नाही. तिचं इंग्रजी वाचन अडखळत होतं, तेही तिने लपवायला सुरुवात केली. मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली, पण बोलली नाही ती नाहीच.

याला अपवाद एकच. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून घरी मारहाण होते आहे किंवा कोणी नको तसा हात लावतो आहे असं पुढे आलं, तर वर्गात पुढे विचारू नका. त्याला शांतपणे सांगा की आपण दोघं नंतर बोलू. त्याच दिवशी मुख्याध्यापिकेला सांगा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याने नको तशा स्पर्शाचं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर स्टाफरूममध्ये लावून ठेवा. मुलाला आधीच "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. मी म्हणते, "तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन."

प्रार्थना : थोडी, आणि सगळ्यांची

माझ्या यंदाच्या वर्गात ५२ मुलं आहेत, त्यातली सात ख्रिस्ती. बाकी बौद्ध, हिंदू, मुस्लिम, दोन शीख. नागपुरात बहुतेक कॅथलिक शाळांचं चित्र साधारण असंच दिसेल. सदर भागातली, संत फ्रान्सिस द सालेस यांच्या नावाची एसएफएस शाळा १८७० सालची आहे. या शहरात पिढ्यान् पिढ्या बिगरख्रिस्ती आईबापांनी फादर-सिस्टरांच्या हाती मुलं विश्वासाने सोपवली आहेत. तो विश्वास जपणं हाही माझ्या श्रद्धेचाच भाग आहे.

कायद्याची चौकट नव्या शिक्षकांना माहीत असावी. संविधानाच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. त्याच संविधानाचा २८(३) सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती संमती पालकांची हवी. म्हणून आमच्याकडे वेळापत्रकात एकाच तासाला दोन वर्ग भरतात. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा आणि बाकीच्यांचा मूल्यशिक्षणाचा. प्रवेशाच्या वेळी आम्ही पालकांना हे तोंडी समजावून सांगतो. फॉर्मवरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही.

या दोन तासांत एक खड्डा आहे. धर्मशिक्षणाचा तास गाणी, चित्रं, गोष्टींचा आणि मूल्यशिक्षणाचा तास "पुस्तक उघडा, पान बारा"चा झाला, तर ४५ मुलांना वाटतं की चांगलं काही असतं ते त्या सात जणांसाठीच. आणि त्या सात जणांना वाटतं की आपण कोणीतरी खास आहोत. दोन्ही वाईट. सगळ्यात चांगली शिक्षिका मूल्यशिक्षणाला द्या, मी तर म्हणते आग्रहाने द्या. प्रथम कम्युनियनची, म्हणजे मुलांनी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची तयारी शाळेच्या वेळात घुसवू नका. त्यासाठी धर्मग्रामात, म्हणजे आपापल्या चर्चमध्ये, रविवारचा वर्ग आहे, आणि घर आहे. १९६५च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं त्यातही मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडीलच आहेत असं सांगितलं आहे. शाळा त्यांना हातभार लावते.

सकाळची प्रार्थना सात मिनिटांच्या वर नेऊ नका. जुलैत चिखलात आणि मार्चमध्ये उन्हात उभं राहून मुलांच्या मनात देव येत नाही, चक्कर येते. एक गाणं, एक छोटी प्रार्थना, संविधानाची उद्देशिका, राष्ट्रगीत, आणि मध्ये एक मिनिट शांतता. त्या मिनिटात प्रत्येकाने आपापल्या घरी शिकवलं तसं देवाचं नाव घ्यावं किंवा नुसता श्वास बघावा. पहिलीतली पोरंही महिन्याभरात हे शिकतात.

गोष्ट सांगा आणि मग गप्प बसा

बायबलच्या शुभवर्तमानातली येशूची गोष्ट सांगितली की शिक्षक लगेच तात्पर्य सांगतात. मीही पंधरा वर्षं सांगत होते. आता सांगत नाही, आणि त्याचं कारण द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात मळ्याचा धनी सकाळी, नऊ वाजता, दुपारी, अगदी दिवस मावळायला तास उरला असतानाही मजूर बोलावतो आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की दंगा होतो. "मिस, हे तर चीटिंग झालं!" वर्गातली हुशार मुलं सगळ्यात जास्त चिडतात. मी नुसतं विचारलं, "अजून कोणाला काही वाटतं?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सहसा बोलत नाही, म्हणाला, "माझे बाबा ठिय्यावर उभे राहतात. कधी कधी दुपारपर्यंत काम नाही भेटत. ज्याले सगळ्यात शेवटी बोलावलं, त्याच्या घरी पण पोरं असतील नं मिस. ते काय अर्धंच जेवतील?"

वर्ग गप्प झाला. मीही. मी ही गोष्ट लहानपणापासून मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकत आले आहे, पण मजूर कामाची वाट बघत उभे राहतात त्या ठिय्यावरून ती कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं. त्या मुलाचं मराठी लेखन कच्चं होतं. मी त्याला सांगितलं, आत्ता बोललास ते लिही. त्याने सव्वा पान लिहिलं, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांनी भरलेलं, आणि वर्षात पहिल्यांदा वही स्वतःहून दाखवायला आणली. तात्पर्य मी सांगितलं असतं तर ते सव्वा पान झालं नसतं.

करायचं ते इतकंच. पाच मिनिटांत गोष्ट, एक उघडा प्रश्न, मग थांबणं. मुलं चुकीचं काही बोलली तरी लगेच दुरुस्त करू नका. दुसरं मूल करेल.

वाचन : आठवड्यातून दोन मिनिटं प्रत्येकाची

आता अभ्यासाचं. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि मूलभूत हिशेब करता यायला हवा असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं. ते बरोबरच आहे. तिसरीनंतर जे मूल वाचू शकत नाही त्याला परिसर अभ्यासही येत नाही, शाब्दिक उदाहरणंही येत नाहीत, आणि मग आपण त्याला "लक्ष नसतं" म्हणतो.

५२ मुलं असताना एकेकाचं वाचन कसं ऐकायचं, असं मला नेहमी विचारतात. हिशेब करा. प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तर १०४ मिनिटं होतात. पाच दिवसांत विभागली तर रोज साधारण एकवीस मिनिटं, म्हणजे रोज दहा-अकरा मुलं. बाकीचा वर्ग शुद्धलेखन किंवा चित्र करत असताना मी मागच्या बाकावर जाऊन बसते आणि एकेकाला बोलावते. टेबलाशी बोलावत नाही. टेबलाशी उभं राहिलेलं मूल अख्ख्या वर्गासमोर वाचत असतं, मागच्या बाकावर ते फक्त माझ्यासमोर वाचतं.

जवळ शंभर पानी वही असते. प्रत्येक मुलाला एक पान. त्यावर "कच्चा" किंवा "हळू" असं लिहू नका, त्याने उद्या काही करता येत नाही. जे दिसलं ते लिहा. "बी आणि डीची अदलाबदल." "वॉजला सॉ वाचते." "जोडाक्षर आलं की पुढच्या शब्दावर उडी." "पूर्णविरामाला थांबत नाही." या ओळीवरून पुढच्या आठवड्याचं काम ठरतं.

वाचून झालं की मी म्हणते, आता हे तुझ्या घरच्या भाषेत सांग. आमची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे आणि पुष्कळ मुलं इंग्रजी परिच्छेद घडाघडा वाचतात, पण त्यात काय आहे ते त्यांना माहीत नसतं. घरच्या भाषेत सांगायला लावलं की एका मिनिटात कळतं. नागपूरच्या मुलांची घरची भाषा म्हणजे मराठीत हिंदी मिसळलेली, "तो कुत्रा पयत होता अन् मग त्याले ट्रक दिसून राहिला" अशी. त्याला हसू नका आणि मध्येच प्रमाण मराठी शिकवू नका. त्या क्षणी तुम्ही त्याची समज तपासत आहात. भाषेचा तास वेगळा आहे.

सदर भागातल्या कॅथेड्रलला, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चला, ज्यांचं नाव आहे ते संत फ्रान्सिस द सालेस सौम्यपणासाठी ओळखले जातात. त्यांना एक बहिरा तरुण भेटला. त्याला देवाबद्दल शिकवायचं म्हणून त्यांनी स्वतः खुणांची भाषा बसवली आणि तिच्यातून त्याला शिकवलं. बहिऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून आजही त्यांचं नाव घेतात. २४ जानेवारीला त्यांचा सण येतो तेव्हा मी नव्या मिसना हे सांगते. शिकणाऱ्याने आपल्या भाषेत यावं म्हणून ते थांबून राहिले नाहीत, स्वतः उठून त्याच्या भाषेत गेले.

दर शुक्रवारी वीस मिनिटं पाचवीची मुलं पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात. इथं बहुतेक शाळा एक चूक करतात. पाचवीतली सगळ्यात हुशार मुलं निवडतात. आम्ही निम्मी अशी निवडतो की ज्यांचं स्वतःचं वाचन मागे आहे. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीचं पुस्तक हातात दिलं तर त्याचा अपमान होतो. पण लहान भावंडाला वाचून दाखवायचं म्हणून तेच पुस्तक दिलं, तर तो गुरुवारी घरी तीनदा वाचून येतो. सेवा आणि सराव एकाच वेळी होतात. मुलांना हे समजावून सांगायची गरजही पडत नाही.

सत्तावीस आणि बहात्तर

हातच्याचा तो मुलगा. दुसऱ्या दिवशी मी त्याला काड्यांचे गठ्ठे दिले आणि तेव्हा कळलं की अडचण हातच्याच्या अलीकडेच होती. "सत्तावीस" म्हटलं की तो ७२ लिहायचा. यात त्याचा काय दोष? सत्तावीस म्हणताना आपण सात आधी बोलतो, वीस नंतर. हिंदीतही तसंच. शाळेत मात्र ट्वेंटी-सेव्हन, वीस आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी. घरी एक वाट, शाळेत दुसरी, आणि मूल मध्ये उभं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" अशी रीत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता. माझं मत असं की जुने शब्द सोडायचे नाहीत, बाजारात तेच चालतात, पण शब्दामागचा गठ्ठा मुलाच्या हाताला कळला पाहिजे.

खराट्याच्या काड्या आणा, सारख्या लांबीच्या कापा. दहा-दहाला रबर लावा. "सत्तावीस" म्हटलं की मुलाने दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या ठेवायच्या, मग आकडा लिहायचा, मग मराठीत आणि इंग्रजीत म्हणायचा. सत्तावीस अधिक पंधरा करताना सुट्या बारा होतात, त्यातल्या दहांना तो स्वतः रबर लावतो आणि गठ्ठ्यांत ठेवतो. हातचा म्हणजे तो रबर लावलेला गठ्ठा. फळ्यावर नुसता वर लिहिलेला बारीक एक बघून हे कळत नाही. त्याला कळायला नऊ दिवस लागले. मी पान बघून सांगते आहे, तारखांसकट.

वर्षाचं चाक

सण शाळेत "साजरे" करण्यात फार वेळ जातो, आणि त्यातला बराच वेळ पाहुण्यांसाठीच्या नाचांच्या सरावात. ते कमी करा. जे सण मुलाच्या हाताला काही काम देतात तेवढेच धरा.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ हा माझा आवडता. वर्गाच्या दाराबाहेर एक झाकणाचा डबा ठेवतो. ज्याला वाटेल त्याने घरून मूठभर तांदूळ आणायचे. पैसे नाहीत. पूर्वी पैशाचा डबा होता आणि कोणी किती टाकले हे मुलं बघत असत. तांदळाची मूठ सगळ्यांची सारखीच, आणि न आणणाऱ्याचंही कळत नाही, कारण डबा दाराबाहेर असतो. त्या चाळीस दिवसांत प्रत्येक मूल एक अवघड विषय निवडतं आणि रोज दहा मिनिटं तोच आधी करतं. त्याग म्हणजे चॉकलेट सोडणं एवढंच नाही, नकोसं काम आधी करणं हाही आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला बरोबर समजतं. वार्षिक परीक्षा त्याच सुमारास येते, त्यामुळे फायदा लगेच दिसतो.

नाताळचा गोठा मुलांनाच करू द्या. तणस, बांबूच्या कामट्या, मातीचे मेंढपाळ. एका वर्षी आमच्याकडे बैल नव्हता. दुसरीतली एक मुलगी दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याचा आपला लाकडी बैल घेऊन आली, शिंगांना अजून बेगड चिकटलेली. तिच्या घरी नाताळ नव्हता, पण पोळा होता. तेव्हापासून आमच्या गोठ्यात नागपूरचा बैल असतो.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर आजीसोबत जाऊन आलेलं मूल वर्गात असतंच. त्याला सांगू द्या. कॅथलिक मुलांनी ते मन लावून ऐकणं हेही त्यांचं धर्मशिक्षणच आहे.

घर, फी आणि निकाल

मी सुरुवातीला दुसऱ्या एका शाळेत होते. तिथं फी थकलेल्या मुलांची नावं वर्गात वाचून त्यांना उभं करत. सकाळी प्रार्थनेत क्षमा आणि नऊ वाजता ही यादी. मी तेव्हा लहान होते, गप्प बसले, आणि ते मला अजून टोचतं. फीचा विषय फक्त पालकांशी, बंद दाराआड. मुलाच्या हाती चिठ्ठीही नको.

पालकसभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली तर ऑटो चालवणारा बाप आणि चार घरी स्वयंपाक करणारी आई येत नाहीत, आणि आपण म्हणतो की पालकांना रस नाही. आम्ही महिन्यातला एक रविवार धरतो, मिस्सेनंतर, साडेदहाला. बोलताना वहीचं पान उघडते आणि आधी एक चांगली गोष्ट सांगते. इथंही तोच क्रम, आभार आधी.

निकालाच्या दिवशी पहिला-दुसरा नंबर आम्ही जाहीर करणं सोडलं. काही पालक नाराज झाले, अजूनही होतात. त्यांना मी सांगते की तुमच्या मुलाचे गुण कार्डावर आहेतच, कोणी लपवलेले नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत मात्र आम्ही तळाच्या दहा मुलांची पानं काढून बसतो. जुलैत कुठं होती, आता कुठं आहेत. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे गेला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, तर आपली बैठक त्या एकापासून सुरू व्हायला हवी. गंमत म्हणजे वरच्या मुलांचे गुण त्याने कमी झाले नाहीत. काड्यांचे गठ्ठे सगळ्यांच्याच हातात होते.

शिक्षकांनीही आठवड्यातून एकदा ती दहा मिनिटं आपापसात घ्यावीत. आमच्याकडे शनिवारी सुट्टीनंतर स्टाफरूममध्ये घेतो, कॅथलिक-बिगरकॅथलिक सगळे. पहिल्या वर्षी सगळे म्हणत, सगळं ठीक आहे. दुसऱ्या वर्षी एक अनुभवी शिक्षक म्हणाले, "मला अपूर्णांक नीट शिकवता येत नाहीत." दुसऱ्या एका मिसने सोमवारी त्यांच्या वर्गावर जाऊन पोळीचे तुकडे करून दाखवले, ते मागे बसून बघत होते.

सत्र संपायच्या शेवटच्या दिवशी, मुलं गेली की मी ती शंभर पानी वही पुढच्या वर्गाच्या मिसच्या हातात देते. दोघी बसून पान न् पान वाचतो, दोन तास लागतात. कोण कुठं अडतं, कोणाच्या घरी काय चाललं आहे, कोणाला मागच्या बाकावर बसवून ऐकावं लागतं. त्या मुलाच्या पानावर शेवटची ओळ अशी होती : "हातचा समजला. आता स्वतःहून सांगतो."